सुट्टीवर आलेला माणूस

या वहीत खरी नावं नाहीत. गाव, पलटण, हुद्दा, घरातली माणसं बदलली आहेत. काही ठिकाणी तिघांची हकिकत एकाच्या तोंडी घातली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तेविसावं कलम रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं. पण आमच्या बोदवडला कायद्याच्याही पलीकडे जाऊन सांभाळावं लागतं. "जिनिंगमागच्या गल्लीतला, आसामात असलेला" एवढं म्हटलं की अर्ध्या गावाला माणूस कळतो. त्यामुळे एखादं टिपण अपुरं वाटेल. ते तसंच राहू दे.

*

मी राहते बोदवडला आणि काम करते भुसावळला, सहायक मानसशास्त्रज्ञ म्हणून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती आमच्या मॅडमकडे आहे. निदान त्या आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर करतात, औषध डॉक्टर लिहितात. पहिली मुलाखत, प्रश्नावल्या भरून घेणं, घरच्यांशी बोलणं आणि नंतरचे फोन हे माझ्याकडे. ब्रिटनमध्ये सहायक मानसशास्त्रज्ञ ही ओळखीची, ठरलेली पायरी आहे. आपल्याकडे ती कुठे आहे, कुठे नाही. काम मात्र सगळीकडे आहे.

आमच्याकडे येणारे फौजी चार प्रकारचे. सुट्टीवर आलेले, निवृत्त झालेले, सीआरपीएफ-बीएसएफ-एसआरपीएफमधले (गावाच्या दृष्टीने हे सगळे 'मिलिटरीत'च असतात, पण त्यांचे नियम, दवाखाने, पेन्शन वेगळं), आणि चौथा प्रकार सगळ्यांत मोठा: स्वतः न येणारे. त्यांच्या बायका येतात, आया येतात, एखादा थोरला भाऊ येतो.

*

"मले काही झालं नही. झोप येत नही, बस एवढंच."

पहिल्या मुलाखतीत हे वाक्य किती वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं आहे. त्याच्या मागोमाग डोकं जड होणं, छातीत धडधड, पोट साफ नसणं. उदास वाटतं असं सहसा कोणी म्हणत नाही. मी त्यांच्याच शब्दांनी पुढे जाते. झोप कितीला मोडते, मोडल्यावर काय करता, उठून बाहेर जाता का, दाराची कडी पुन्हा तपासता का. झोपेबद्दल बोलायला फौजीला कमीपणा वाटत नाही. ड्यूटीबद्दल बोलल्यासारखं तो ते नीट, वेळेसकट सांगतो.

*

लष्करात वैद्यकीय श्रेणी पाच अक्षरांत मोजतात. इंग्रजी एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी एकंदर शरीर, ई डोळे. पाचही ठिकाणी एक आकडा असला की माणूस 'शेप वन', पूर्ण तंदुरुस्त. पैकी पहिल्या अक्षराची भीती सगळ्यांत जास्त. गुडघा दुखावून कॅटेगरी खाली गेली तर पलटणीत लोक विचारपूस करतात. एसमध्ये गेली तर गप्प होतात. बढती, पोस्टिंग, हातात हत्यार द्यायचं की नाही, सगळं त्या अक्षराला बांधलेलं. जवानाला मानसोपचारासाठी पाठवायचं तर कमांडिंग अधिकाऱ्याचा अहवाल लागतो, एएफएमएसएफ-१० नावाचा फॉर्म. त्यात त्याच्या वागणुकीबद्दल लिहितात. व्यवस्था म्हणून यात चूक नाही. सोबत राहणाऱ्यांनी जे पाहिलं ते डॉक्टरला कळायलाच हवं. पण जवानाला त्यातून एवढंच ऐकू येतं, की आता माझ्या मनाबद्दल साहेब लिहिणार.

म्हणून तो सुट्टीत, कुणाला न सांगता, भुसावळला येतो.

इथे आमची अडचण सुरू होते. झोपेचं औषध घेऊन हा माणूस महिनाभरात पहाऱ्यावर उभा राहणार आहे. पलटणीच्या डॉक्टरला न कळता ते चालू ठेवणं त्याच्यासाठी आणि शेजारी झोपणाऱ्यासाठीही धोक्याचं. आम्ही त्याला लपवायला सांगत नाही. पण "जाऊन सांगून टाका" असं एका दमात म्हणून मोकळंही होत नाही. सुट्टीचे उरलेले दिवस मोजतो, आरएमओ साहेबांपुढे, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरपुढे, पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्याच्याबरोबर ठरवतो, डॉक्टरांचं पत्र देतो. काही जण ते पत्र नेतात. काहींच्या बायकोला ते नंतर कपाटात सापडतं.

*

सैनिकाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा. अग्निवीराला वर्षाला तीस दिवस. हे दिवस कुठे जातात ते मी प्रत्येकाला विचारते. प्रश्नावलीत हा प्रश्न नाही, माझ्या वहीत आहे.

उत्तरं अशी: तलाठी. भूमी अभिलेखचं ऑफिस. मोजणीची तारीख. बहिणीचं लग्न. वडिलांचा मोतीबिंदू. बोअर आटला, नवा घ्यायचा. शाळेचा दाखला. पुन्हा तलाठी. (त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, लोक तलाठीच म्हणतात.) बायकोला घेऊन शिरसाळ्याच्या मारुतीला जाऊन आलो, एक शनिवार.

*

एक हकिकत, बदलून.

राजौरीकडे असलेला नाईक. भावकीतल्यांनी बांध कोरला, नांगराचे दोन तास सरकवला. घरी म्हातारे वडील आणि बायको. बायकोने फोनवर सांगितलं. त्याने फोनवरून चुलत्याला दम भरला, चुलता तिच्या दारात येऊन बोलून गेला. पुढचे पाच महिने तो पहाऱ्यावर उभा असताना मनात बांध चालत होता. त्याचे शब्द: "समोर बर्फ दिसे, पन मी वावरातच राहे." सुट्टी मिळाली, मोजणीचा अर्ज भरला, पैसे भरले, तारीख आली ती सुट्टी संपल्यानंतरची.

आमच्या प्रश्नावलीवर त्याचे गुण चिंता तीव्र असल्याचे निघाले. मॅडमनी निदान केलं, श्वासाचे व्यायाम शिकवले, झोपेची शिस्त लावून दिली, आणि मग मला म्हणाल्या, "आता मोजणीचं बघ." मी त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन कार्यालयात गेले. सेवेतला सैनिक असल्याचा दाखला जोडून तारीख अलीकडे घ्यायचा अर्ज दिला. तारीख मिळाली. बांध पूर्ण सुटला नाही, पण खुणा रोवल्या गेल्या, आणि तो त्या रात्री सलग झोपला.

हे मानसशास्त्र आहे का, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. मला ते आहे असंच वाटतं. ताणाचं मूळ जिथे आहे तिथे हात घालायचा नाही आणि माणसाला फक्त श्वास मोजायला लावायचं, यात अर्धाच उपचार होतो.

*

शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी हे कळलं होतं. भारतीय सैनिक (खटले) कायदा, १९२५. विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत सेवेत असलेला सैनिक दिवाणी वा महसुली न्यायालयात हजर राहू शकत नसेल आणि त्याच्या वतीनेही कोणी नसेल, तर न्यायालयाने कामकाज थांबवून लष्करी अधिकाऱ्यांकडे विचारणा करायची. त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागला असेल तर तो उघडायचीही सोय आहे. कायदा अजून लागू आहे. मी ज्या जवानांना तो सांगितला त्यांतल्या बहुतेकांनी नावही ऐकलं नव्हतं. गावातल्या मुरलेल्या भाऊबंदांना मात्र एवढं नक्की ठाऊक असतं, की फौजी परतला की मैदान मोकळं.

२६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिवसाला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगरला 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक मंडळांतून सैनिकांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत मिळावी हा हेतू. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक असतात. ते बहुतेक स्वतः माजी सैनिक. मी आता पहिल्या मुलाखतीनंतर हातात देते त्या कागदावर झोपेच्या सूचनांखाली विधी सेवा आणि सैनिक कल्याण कार्यालय हे दोन पत्ते छापले आहेत.

*

बोदवडहून मलकापूर जवळ. मलकापूर म्हणजे बुलढाणा जिल्हा, विदर्भ. २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला तो मराठवाड्याच्या आठ आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत. बुलढाणा त्यात होता, आमचा जळगाव नव्हता. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तेच उशिरा येणारं पाणी. आणि घरंही तीच: एक भाऊ कापसात, एक भाऊ फौजेत. फौजेतल्या भावाचा पगार कापसाच्या कर्जात जातो. दोघांपैकी कोण जास्त खचलाय हे घरात बसल्याशिवाय कळत नाही. शेतकऱ्याचं मानसिक आरोग्य आणि सैनिकाचं मानसिक आरोग्य या दोन योजना होतात, घर एकच असतं.

*

भुसावळच्या फलाटावर झेलम एक्स्प्रेस. पुण्याहून येऊन जम्मूकडे जाणारी. काळी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. पोचवायला आलेल्यांमध्ये बहुधा वडील जास्त बोलतात: डबा, सीट, पाण्याची बाटली. आई पाठीवर हात ठेवून उभी. या निरोपाआधीचे दोन-तीन दिवस घराघरांत भांडणं होतात हे मला कामातून कळलं. एकीने सांगितलं, "जायच्या आदल्या रात्री दरवेळी आमचं वाजतंच, ताई. यांना माझ्या भाजीतही खोट दिसते." दोघांना समोरासमोर बसवून मी एवढंच सांगितलं, की ताटातूट जवळ आली की माणसं आधीच तुटायला लागतात, म्हणजे फलाटावर कमी दुखेल. खूप घरांत होतं. पुढच्या वेळी तिने फोन केला: भांडण झालं, पण मध्येच दोघांना हसू आलं.

*

देवळालीबद्दल.

नाशिकजवळचं देवळाली आज तोफखान्याच्या शाळेमुळे माहीत आहे. इंग्रजांच्या काळात तिथे मोठा संक्रमण-तळ होता. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून असत. सैन्य नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो महिनोन् महिने अडकला. काम नाही, लढाई नाही, ऊन, ताप, दारू, वाट. तिथे इतक्यांची मनं ढासळली, की त्या तळाचं नाव इंग्रजी बोलीत वेड लागण्यासाठी रूढ झालं आणि आजही वापरात आहे.

ही माणसं गोळीने कोसळली नव्हती. वाट बघण्याने कोसळली होती. मला हे आजच्या कामात फार उपयोगी पडतं. आमच्याकडे आलेल्यांत चकमकीत सापडलेले थोडे. रजेचा अर्ज मंजूर होईल का, क्वार्टर मिळेल का, बदली फील्डला (सीमेकडे) की पीस स्टेशनला (शांत छावणीत), मोजणीची तारीख कधी, याची वाट पाहून झिजलेले पुष्कळ.

*

फटाका वाजला आणि जवान दचकून पलंगाखाली गेला, असा प्रसंग लोक मला अपेक्षेने विचारतात. असं होतं, नाही असं नाही. पण मला अधिक भेटलेल्या खुणा वेगळ्या. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणं. एसटीत मागची सीट. रांग मोडणाऱ्याच्या अंगावर धावून जाणं. मुलाच्या चपला जागेवर नसल्या म्हणून घर डोक्यावर घेणं. लग्नाच्या मांडवात अर्ध्या तासात "चला". एका आजीने नातवाबद्दल केलेलं वर्णन मॅडमनी तसंच्या तसं केस-पेपरवर घेतलं: "घरात हाये, पन घरात नही."

*

१९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 'लॅन्सेट'मध्ये पहिल्या महायुद्धात मनाने ढासळलेल्या शिपायांवर लेख लिहिला. तोफेचा धक्का मेंदूला बसतो अशी आधी समजूत होती. पुढे लक्षात आलं की तोफेच्या जवळपासही नसलेल्यांना तेच होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आघातोत्तर ताणविकार हे निदान यायला १९८० उजाडलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्यांमुळे.

त्याच महायुद्धात आपले मराठे मेसोपोटेमियात होते, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिले, २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेले. हात-पाय गमावून परतलेल्यांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे ती खडकीला गेली. अपंग जवानांना हाताला काम शिकवणारी ती संस्था मोठ्या मोलाची. पण रात्री ओरडत उठणाऱ्यासाठी तेव्हा काय होतं? घर होतं, देऊळ होतं, भगत होता. आणि बायको होती, तिने ते कुणाला सांगितलं नाही.

*

चंदू चव्हाण यांचं नाव खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. धुळ्याजवळच्या बोरविहीरचे, ३७ राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषेपलीकडे गेले, पाकिस्तानच्या ताब्यात सापडले, २१ जानेवारी २०१७ रोजी परत मिळाले. ज्या आजीने त्यांना वाढवलं ती, ते पकडले गेल्याची बातमी ऐकून गेली.

त्यांच्या मनाविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. न भेटलेल्या माणसाबद्दल अंदाज बांधायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. मला लिहायचं आहे ते त्या जवळजवळ चार महिन्यांत बोदवड-भुसावळकडच्या घरांत काय झालं असेल त्याबद्दल. तेव्हा मी शिकत होते. आमच्या गल्लीतली एक फौजीची आई रोज संध्याकाळी टीव्ही लागला की उठून मागच्या दारी जायची. तिचा मुलगा राजस्थानात होता, सुखरूप होता. सीमेवर एकाला काही झालं की शेकडो घरांत जेवण उतरत नाही. ही माणसं कुठल्याच यादीत रुग्ण नसतात.

*

आकडे.

जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितलं, की मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली: भूदल ६४२, हवाई दल १४८, नौदल २९. २०२१ मध्ये युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचा एक अभ्यास गाजला. निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली असावेत असं त्यात म्हटलं होतं. नमुना फार लहान आहे म्हणून लष्कराने तो नाकारला. नमुन्याबद्दलचा आक्षेप रास्त आहे. मग मोठा नमुना घेऊन अभ्यास करावा आणि तो लोकांपुढे ठेवावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबातल्या एका अग्निवीराच्या मृत्यूनंतर लष्कराने स्पष्ट केलं, की स्वतःला केलेल्या इजेने मृत्यू आल्यास लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार होत नाहीत. १९६७ पासूनचा आदेश तसा आहे. मला हा नियम बदलायला हवा असं वाटतं. बारा वर्षं उभा राहिलेला माणूस शेवटच्या एका रात्री हरला, तर ती बारा वर्षं पुसली जात नाहीत. आणि गावाला नियम कळत नाही. गावाला एवढंच दिसतं, की सलामी झाली नाही. त्यानंतर त्या घरच्या बाईला विहिरीवर, बचत गटात, शाळेच्या फाटकाशी काय काय ऐकावं लागतं ते मी ऐकलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आहे; त्याला शिक्षा नको, काळजी हवी असं म्हटलं आहे. वाचलेल्याला जे मान्य केलं ते गेलेल्याला का नाही?

*

बाटलीबद्दल थोडंच. कँटीनचा कोटा हा गावात मान असतो. फौजीच्या घरी पाहुणे त्यासाठी येतात. म्हणून "किती घेता" हा प्रश्न मी कधीच पहिला विचारत नाही. "एकट्याने घेता का" हा विचारते. तिथे उत्तराला वेळ लागतो.

*

अधिकारी व्हायचं तर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाचे, पाच दिवस: चित्रांवर गोष्टी, साठ शब्दांवर झटपट वाक्यं, साठ प्रसंग, मग गटातली कामं आणि मुलाखत. शिपाई व्हायचं तर १.६ किलोमीटर धावणं, बीम, उंची, छाती, लेखी परीक्षा. मनाची चाचणी म्हणून शिपायासाठी फार वर्षं वेगळं काही नव्हतं. अलीकडे अग्निवीर भरतीत जुळवून घेण्याच्या क्षमतेची चाचणी आली आहे. चांगलं झालं. पण आत घेताना पाहिलेलं मन बारा वर्षांनी तसंच राहत नाही, म्हणून मधली तपासणी जास्त महत्त्वाची. पलटणीतले धर्मगुरू, म्हणजे पंडितजी, ग्रंथी, मौलवी, यांना पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत प्रशिक्षण मिळतं आणि समुपदेशनाची जबाबदारीही त्यांच्यावर येते. कल्पना मला आवडते. पंडितजींशी बोलायला गेलं तर कुणी विचारत नाही का गेलास.

पहाटे मलकापूर रस्त्याला पोरं धावतात. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "ताई, टेन्शन येतं हे भरतीत सांगायचं नसतं ना?" मी त्याला थांबवून बसवलं आणि परीक्षेची धास्ती आणि आजार यातला फरक सांगितला. वीस वर्षांच्या मुलाने लपवायचं आधी शिकावं आणि धावायचं नंतर, हे बरं नाही.

*

माजी सैनिक. गावात त्याचा हुद्दा हवालदार असो की शिपाई, सगळे 'मेजर' म्हणतात. वय अडतीस-चाळीस. कपाळावर टोपीच्या कडेची रेघ अजून असते. पेन्शन येते, बँकेत किंवा एटीएमला गार्डची नोकरी मिळते, वरणगावच्या आयुध निर्माणीत कुणाचा तरी मेहुणा असतो म्हणून तिथे प्रयत्न होतो. पहिलं वर्ष सत्कारात जातं. दुसऱ्या वर्षी त्याला कळतं, की घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं आहे. बायको बँकेची कामं करते, मुलं तिलाच विचारतात, शेतीचा हिशोब भावाकडे. तो सगळ्यांना शिस्त लावायला जातो आणि सगळे त्याला टाळायला लागतात. अशा घरात मी नवऱ्याआधी बायकोशी बोलते. सतरा वर्षं तिने एकटीने हे घर ओढलं, त्याची नोंद कुठल्याच सेवापुस्तकात नाही. तिला ती कुणीतरी बोलून दाखवलेली हवी असते. ती नवऱ्याने बोलून दाखवली, की पुढचं निम्मं काम होतं.

अग्निपथ योजना जून २०२२ ची. चार वर्षांनी चारातला जास्तीत जास्त एक कायम, बाकीचे घरी. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. परतणारी मुलं चाळिशीची नसतील, तेवीस-चोवीसची असतील. सत्काराचं वर्षही त्यांच्या वाट्याला येणार नाही, कारण लोक विचारतील, "ठेवून का नाही घेतलं?" भरती अकादम्यांचे फलक रस्त्यारस्त्यावर आहेत. परतणाऱ्यांसाठी तालुक्यात काय करायचं याची बैठक अजून व्हायची आहे.

*

न्यायालयांनी काही दारं उघडली आहेत. २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळे आला असं धरून चालायचं. नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. तो खटला झटक्यांच्या आजाराचा होता. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका जवानाला मात्र तोच न्याय मिळाला नाही. आणि डिसेंबर २०२१ मध्ये, सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात, मानसिक आजार असलेल्यावर त्या आजाराशी निगडित वागणुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरू शकतो असं न्यायालयाने सांगितलं. हे तिन्ही निकाल मी साध्या मराठीत एका पानावर लिहून ठेवले आहेत. कागद वाचून एक निवृत्त सुभेदार साहेब म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती?" पेन्शनबद्दल ते नंतर बोलले.

*

टेलिमानस: १४४१६. ही राष्ट्रीय सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष प्रायोगिक तत्त्वावर उघडला. सैनिकाशी बोलणाऱ्याला फील्ड म्हणजे काय, एस कॅटेगरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागू नये, यासाठी असा कक्ष हवाच होता.

हा नंबर मी जवानापेक्षा त्याच्या बायकोच्या फोनमध्ये आधी साठवते. तिला लागेल म्हणूनही.

*

"फोनवर घरचं सांगायचं की नही सांगायचं?" बायका हा प्रश्न विचारतात तेव्हा आवाज खाली येतो. त्यांना सगळ्यांनी शिकवलेलं असतं, की त्याला टेन्शन देऊ नको. मग मुलाचा ताप, सासऱ्याचं पडणं, बांध, सगळं लपवलं जातं. तो आवाजावरून ओळखतो की काहीतरी आहे, आणि जे नाही तेही मनात रंगवतो.

मॅडमनी आणि मी मिळून एक रीत बसवली आहे. सांगायचं, पण क्रमाने: काय झालं, आत्ता काय स्थिती आहे, कोण बघतंय, आणि त्याच्याकडून काय हवं आहे. काही नको असेल तर "नुसतं सांगतेय" असं म्हणायचं. झोपायच्या वेळी वाईट बातमी नाही. पहाऱ्याच्या आधी भांडण नाही. नेटवर्क गेलं आणि बोलणं अर्धं तुटलं तर एक ओळ मेसेज टाकायचा, राग म्हणून फोन ठेवला नाही एवढं कळवायला. आणि तो गप्प, तुटक बोलायला लागला, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलला, वस्तू वाटून टाकायची भाषा केली, तर लाजायचं नाही: त्याच्या बडीचा (जोडीच्या जवानाचा) आणि सुभेदार साहेबांचा नंबर घरात हवा, त्यांना लगेच फोन करायचा. मरायचे विचार येतात का हे त्याला सरळ विचारायचं. विचारल्याने ते विचार मनात घुसत नाहीत. असतील तर बाहेर यायला वाट मिळते.

*

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एक बाई माहेरी बोदवडला आली होती. नवरा लडाखला. तिने वहीत चार ओळी लिहून आणल्या होत्या, फोनवर बोलायचं म्हणून: सासूबाई पडल्या. प्लास्टर घातलंय. दीर बघतात. तुम्ही सुट्टी काढू नका, ती पोळ्याला लागेल. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे?"

मी म्हटलं, पाचवी ओळ लिहा, तुम्ही कशा आहात ती. तिने पेन मागितलं.